स्टँडर्ड मालक

आमच्या मालकांना एका जागी बसणं माहीतच न्हाई. मालक म्हणजे आमचे हेच हो, अप्पाराव. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय होय? सकाळपासून ह्या खोलीतून त्या खोलीत. सहीला कुणी कागद आणत न्हाई, मग नळ तपास, शेगडी तपास, माझे डबे तपास. त्यांच्या चपलांच्या आवाजानं माझाच जीव वरखाली होतो.

लेकीनं, मैथिलीनं, कंप्युटर दिला तो आमा दोघांना. पण ताबा कुणाचा? ह्यांचा. मी काही नवं टाकायला गेले की पडद्यावर परवानगी मागायचं, अन् मी परवानगीसाठी ह्यांच्या मागं अंगणात. "बघू," म्हणायचे. ह्यांचं बघू म्हणजे आठवड्याची निश्चिंती.

शेवटी मैथिली फोनवर चिडली, तवा कुठं माझ्या क्लासचा प्रोग्राम बसला. परदेशातल्या आपल्या मराठी लेकरांना मी रोज चार वाजता बाराखडी शिकवते. खोटं कशाला बोलू, तो तास मला लय आवडतो. त्या तासात मला कुणी चहा मागत न्हाई.

ह्यांना तेच खुपायचं. "दार लावून काय क ख ग लावलंय रोज?" मग एक दिवस चष्मा पुसून कंप्युटरपुढं बसले, घरात कुणाला किती हक्क ते ठरवायला. प्रत्येकाच्या खात्यापुढं दोन पर्याय होते. एक अॅडमिनिस्ट्रेटर, दुसरा स्टँडर्ड.

"अॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासक," मला समजावून सांगायलेत. "निवडून आलेली बॉडी बरखास्त झाली की सरकार बसवतं, तो. नुसता राबणारा माणूस, त्याला इज्जत कसली! ते तुला राहू दे. मी स्टँडर्ड. आपल्याला शोभंल असं पाहिजे."

मला तरी काय कळत होतं? मी म्हणले, व्हा स्टँडर्ड.

दुसऱ्या दिवशी चार वाजायला आले होते, तेवढ्यात आतून हाक आली. "लीला! तुझा क्लास बंद. काढून टाकायलोय तो प्रोग्राम!"

पळत गेले तर हे कंप्युटरपुढं वाकून उभे. पडद्यावर लिहिलेलं, अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका. अन् खाली नाव माझं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! माझा पासवर्ड मैथिलीनं मला एकटीलाच ठरवायला लावला होता. ह्यांना तो ठाऊक न्हाई.

"टाक पासवर्ड."

"कशाला?"

"मी सांगायलोय म्हणून!"

खरं सांगते, हात पुढं गेला होता. इतक्या वर्षांची सवय, बोटं आपोआप निघाली. मग मनात आलं, आज हे टाकलं की उद्यापासून चार वाजता मी परत चहाच करणार. हात मागं घेतला.

"न्हाई," मी म्हणले.

"न्हाई?" खिडकीपाशी गेले, परत आले. दाराशी गेले, परत आले. "अगं, मग मी करू काय दिवसभर? माझ्या सहीशिवाय कागद हलत नव्हता. आता तू एकटीच विचारायला येत होतीस."

लय वाईट वाटलं मला. डोळ्यात पाणीच आलं. पण वाईट वाटलं म्हणून क्लास देऊन टाकायचा का?

"तुमची बेचैनी मला कळते," मी म्हणले. "पण तिच्यापायी माझा तास जाणार न्हाई. चार वाजले. तुमी बाहेर जा."

गेले. मी खुर्चीत बसले, क्लास चालू केला. एकेक लेकरू पडद्यावर यायला लागलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली, ह्या घरात कधी न झालेली.

"लीला," हे बाहेरूनच म्हणाले, "आत येऊ का?"

"क्लास संपल्यावर या," मी म्हणले.