दोन फडकी

आमच्या मांजरीचे डोळे जन्मापासून गळायचे. ती गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात जन्मली. बाकीची पिल्ले बोक्याने नेली, ही तेवढी राहिली. दिवसभर डोळ्यांतले पाणी नाकाच्या कडेने ओघळे आणि तिथले केस तांबूस होऊन चिकटत. डावा डोळा जास्त वाईट होता. सकाळी तर दोन्ही डोळे चिपडांनी गच्च मिटलेले असत आणि ती चुलीकडे येताना भिंतीला धडके. कोमट पाण्यात फडके बुडवून हळूहळू पुसले की डोळे उघडत. कोणी पुसले नाही तर दुपारपर्यंत ती आंधळीच.

मी कोंडाण्याची. लग्न होऊन कुंभिवलीजवळ आले तेव्हा घरात सगळ्यांत आधी उठून चूल पेटवणारी मीच, म्हणून मांजरीचे डोळे पुसणेही माझ्याकडे आले. माहेरी चौथीपर्यंत शिकले होते, पण चार माणसांत तोंडातून शब्द निघत नसे. सासरी तर मान खालीच. मांजरीशी मात्र मी बोलत असे.

सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, ती मांजर आवडत नव्हती. "सदा रडतं त्वांड घेऊन घरात फिरती," म्हणायच्या. मामंजी म्हणायचे, "रडू दे. कणगीला राखण पायजे. उंदरांनी भात खाल्लं तर पेरायचं काय, तुजी मिसरी?" त्यावर आत्याबाईही हसायच्या.

मामंजींच्या जुन्या पागोट्याचा एक लाल तुकडा मी मांजरीसाठी ठेवला होता. तो चुलीजवळच्या खुंटीला असे. पुढे मला मुलगा झाला. त्याला घेऊन माहेरून परत आले तेव्हा माझ्या मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा फाडून मी त्याच्यासाठी दुसरे फडके केले. ते पाळण्याच्या दोरीला बांधलेले असे. लाल फडके पाळण्याकडे कधी गेले नाही आणि लुगड्याचे चुलीकडे आले नाही.

फाल्गुनात शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजायला लागले आणि सगळ्या शिवारात धूर कोंडला. बाळाच्या डाव्या डोळ्याला पाणी येऊ लागले. आमच्याकडे डोळ्याला आईच्या दुधाचे थेंब घालतात, तसे मीही घातले. डोळा जरा निवळला, पण पाठोपाठ ताप आला. भगताने अंगारा दिला. बाळाने अंगावर प्यायचे सोडले आणि तापातच तो गेला. नदीकाठी त्याला पुरले. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले आणि बाभळीचे काटे टाकले.

शेजारच्या बाया भेटायला आल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "मांजरीचा डावा डोळा, तर पोराचाबी डावाच आला का नाय? ही एकाच फडक्यानं दोगांचे डोले पुशीत व्हती."

"अगं बया! तुजी सून तर शिकलेली ना गं?"

"शिकली. वाचाया शिकली. पोर सांभालाया कंच्या साळंत शिकवत्यात?"

लाल फडके खुंटीला होते. लुगड्याचे दोरीला होते, पाळणा काढला होता तरी. कोणी मान वळवली असती तर दोन्ही दिसली असती. मला तेवढे सांगायचे होते. मी भिंतीकडेच बघत राहिले. बाया उठून गेल्या तेव्हा गावभर एकच फडके झाले होते.

माझे दूध थांबत नव्हते. छाती दगडासारखी झाली, अंगात कसकस भरली. दूध आटावे म्हणून आत्याबाई मोगऱ्याची फुले आणून छातीवर बांधीत. बांधताना त्यांचेही डोळे वाहत. फुले पिवळी पडून चुरगळत, तरी दूध येतच राही. दुखणे सोसेना झाले की गोठ्यामागे जाऊन मी ते करवंटीत पिळायची. धुराने मांजरीचे डोळे त्या दिवसांत फार लाल झाले होते. ती माझ्यामागे यायची. एकदा मी दोन थेंब तिच्या डोळ्यांत सोडले. ती शांत बसून राहिली. मग रोज सोडू लागले.

एक दिवस आत्याबाईंनी करवंटी पाहिली.

"ह्यात कसलं दूध गं? गाय तर आटलीय."

मांजर माझ्या पायांशी होती आणि तिच्या मिशीवर पांढरा थेंब होता. आत्याबाईंनी करवंटी उचलून उकिरड्यावर फेकली.

"माज्या नातवाचं दूध हिला? जिनं त्याला खाल्लं तिला?"

त्या दिवशी जेवताना ठरले. मांजर मारायची कोणाची छाती नव्हती. मांजर मारली तर सोन्याची मांजर काशीला वाहावी लागते. म्हणून ती नदीपार सोडायची. माझे घरधनी त्याच रात्री पेंढ्याची गाडी घेऊन पनवेलला निघणार होते. वाटेत चौक गावच्या गाडीतळावर तिला सोडून द्यायचे. तिला घरची वाट सापडू नये म्हणून गोणीत घालून ती गोणी आधी तीनदा गरगर फिरवायची, असे आत्याबाईंनी बजावले.

मला वाटेची भीती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे कोण पुसणार, ही भीती होती. मिटल्या डोळ्यांनी ती गाड्यांच्या आणि कुत्र्यांच्या मधे बसली असती.

लग्नानंतर मी घरधन्यांकडे आपणहून काही मागितले नव्हते. त्या दिवशी लाल फडके त्यांच्या भाकरीच्या गाठोड्याला बांधले आणि म्हणाले, "सकाळपर्यंत गोणीतच ठेवा. मंग हे भिजवून डोले पुसा आन् सोडा."

"मांजरीचे डोले पुशीत बसू? बाकीचे गाडीवान हसतील."

"हसू द्या."

त्यांनी गाठोडे उचलून गाडीत ठेवले. मग म्हणाले, "बरं. पुसतो."

परत आले तेव्हा मी विचारले. "पुसले. उडी मारून पळाली. तिकडं मासळीची डोकी पडल्याली असत्यात, मरत नाय ती," म्हणाले. गाठोडे माझ्याकडे दिले. मी डावखुरी आहे. माझी गाठ घरातल्या दुसऱ्या कोणासारखी पडत नाही. लाल फडक्याची गाठ माझीच होती, जशी मारली तशी.

मी फडके तसेच खुंटीला लावले. काही दिवसांनी दूधही आटले.

ज्येष्ठात गावात डोळे आले. घरोघरी माणसे लाल डोळ्यांनी बसली. आत्याबाईंना सगळ्यांत जास्त त्रास झाला. सकाळी त्यांचे डोळे उघडेनात. त्या हाताने चाचपत चुलीकडे आल्या आणि भिंतीला धडकल्या.

मी त्यांना बसवले आणि पाणी कोमट केले. पाळण्याच्या दोरीवरचे फडके मी पेटीत ठेवले होते. ते काढून आणले आणि नाकाकडून बाहेर हळूहळू पुसू लागले.

"दूध हाय का गं?" त्यांनी विचारले.

"आटलं, आत्याबाई."

त्यांनी फडक्याची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाल्या, "फडकं कंचं हाय?"

"लुगड्याचं. बाळाचं."

"आन् ते लाल?"

"ते मांजरीचं. दोन व्हती."

त्यांनी माझे मनगट धरले. डोळे अजून मिटलेलेच होते. "पयल्यापासनं दोन?"

"हो."

"मंग तवाच का नाय बोललीस गं?"

मी दुसऱ्या हाताने फडके पाण्यात बुडवले. त्यांनी मनगट सोडले. "पूस," म्हणाल्या.

डोळे बरे झाल्यावर त्यांनी घरधन्यांना सांगितले, "चौकाला जाशील तवा गाडीतलावर बघून ये रं." ते जाऊन आले. हात रिकामेच होते. कणगीत तोवर उंदीर झाले होते.

त्या बायांना मात्र आत्याबाईंनी दोन फडक्यांचे कधी सांगितले नाही. मी विहिरीवर गेले की कडेवर तान्हे असलेली बाई अजून पदर ओढून त्याचे तोंड झाकून घेते. मी कळशी भरते आणि तिच्या आधी निघते.