चार तालुक्यांचे अनारसे

निलंग्याच्या बसस्टँडवरून गेलेल्या प्रत्येक बाईच्या घरी दिवाळीला करंजीत काय भरतात, हे अख्ख्या पृथ्वीवर फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस माझा सासरा होता. जावयानं सासऱ्याचं कौतुक केलं की लोकांना भलताच संशय येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो, की याच माणसापायी मी एका रविवारी सासरी असूनही दुपारी चारपर्यंत उपाशी बसलो आहे. तरीही म्हणतो, की गोडाधोडाच्या बाबतीत इतकं ऐकलेला आणि इतकं कमी केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लावणं, सोडणं, भोंग्यावरून गावांची नावं पुकारणं हे त्यांचं पगाराचं काम. खरं काम खिडकीतून बाहेर डोकावून चालायचं.

एखादी बाई गाडीची चौकशी करायला खिडकीशी आली, की मामा आधी तिला गाव विचारत. (आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात.) गाव कळलं की गाडीची वेळ सांगत, आणि लगेच, जणू तिकिटाच्या नियमातच बसतं अशा सुरात विचारत, "बरं, सणाला काय करता तुमच्याकडं?" बाया आधी बिचकत. मग त्यांच्या तोंडाकडे बघत. त्या तोंडावर दवाखान्याची वाट विचारणाऱ्या माणसाइतकी निरागस काळजी असे, त्यामुळे बिचकलेली बाई पिशवी खाली ठेवून सांगायला बसायची. उदगीरच्या एका खालाजानकडून त्यांनी शीरखुर्म्यातली खारीक किती वेळ भिजवायची ते घेतलं. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडून बुद्धपौर्णिमेच्या खिरीत तांदूळ आधी तुपावर का परतायचे ते घेतलं. माहूरला देवीच्या पायऱ्यांवर पेढे विकणारी एक म्हातारी वर्षातून एकदा भाच्याकडे यायची, तर तिची गाडी यायच्या दिवशी मामा रजा असली तरी स्टँडवर हजर. हे सगळं एका लांबट वहीत उतरत असे. त्या वहीत पदार्थांची नावं नव्हती, गाड्यांची होती. देगलूर गाडी, कंधार गाडी, भालकी गाडी, आणि त्याखाली त्या त्या मुलखाचं गोड.

गाडी वेळेवर सोडायची हा त्यांचा धर्म होता आणि कृती अर्धवट ऐकणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. दोन्ही सांभाळायचं म्हणजे पळणं आलं. सुटलेल्या गाडीच्या खिडकीचा गज धरून फाटकापर्यंत धावणारा खाकीतला कंट्रोलर ही निलंगेकरांना इतकी सवयीची गोष्ट होती, की कुणी मान वळवून बघत नसे. एकदा देगलूरची एक बाई नागपंचमीचे दिंड सांगत होती. पुरणात जायफळ किती, हे विचारेपर्यंत गाडीनं वेग घेतला. बाईनं खिडकीतून हात बाहेर काढून पाच बोटं दाखवली. आता पाच म्हणजे पाच काय? पाच जायफळं म्हणावीत तर घरदार गुंगीत जायचं, पाच चिमट्या म्हणाव्यात तर चिमूट कुणाची? मामांना आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. देगलूरहून येणारी प्रत्येक गाडी त्यांनी स्वतः चढून तपासली. अखेर ती बाई सापडली, आणि म्हणाली, की मी तर तुम्हाला येते म्हणून हात केला होता.

माझं लग्नसुद्धा त्या वहीमुळं जमलं असं माझं मत आहे. आम्ही कंधारकडचे, शेतीवाडीतले. मुलगी बघायला आम्ही निलंग्याला गेलो, तर मामांनी मला एक अक्षर विचारलं नाही. माझी नोकरी, माझं शिक्षण, माझं तोंड, कशातच त्यांना रस दिसला नाही. ते माझ्या आईसमोर बसले आणि त्यांनी करंज्यांचा विषय काढला. आई म्हणाली, आम्ही खोबऱ्यात भाजलेले तीळ आणि चिमूटभर सुंठ घालतो. सुंठ म्हटल्याबरोबर मामा ताठ झाले. त्यांनी आत वळून चहा सांगितला, आणि चहाच्या आधी लग्न ठरलं. सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी आजही सांगतो, की तुझा नवरा सुंठीनं मिळवला आहे.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. त्या भालकीकडच्या, लहानखुऱ्या, बोलायला फार कमी. पोळ्या मोजताना तेवढ्या ओठांतल्या ओठांत कानडीत मोजायच्या. त्यांच्या हाताची पुरणपोळी कडेपर्यंत पुरण गेलेली असे आणि उचलली तर पलीकडचा दिवा दिसावा इतकी पातळ. मामा ती मिटक्या मारत खात आणि म्हणत, "झकास झालीय. पण अहमदपूरकडं की नाही, पुरणात..." हा 'पण' तीस वर्षं चालला होता. शेवयांच्या खिरीला उदगीरचा पण, लाडवांना देगलूरचा पण. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. जे ऐकलं ते सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, एवढंच. सासूबाई उत्तर देत नसत. पुढची पोळी वाढत, तुपाची वाटी पुढे सरकवत आणि आत जात.

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराची ही गोष्ट. माझी बदली लातूरला नव्या कचेरीत झाली होती. सरकारनं जिल्हा कशासाठी केला याबद्दल लोकांची वेगवेगळी मतं होती. मामांचं मत असं, की आता चार तालुक्यांच्या बाया कचेरीच्या कामाला लातूरला जाणार, गाड्या वाढणार, म्हणजे जिल्हा वहीसाठीच झाला आहे. पण त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. निलंग्यात घरटी दोन घागरी पाणी मिळू लागलं, तेही टँकर आला तर. अशातच महालक्ष्म्या आल्या. सासूबाईंनी त्या दोन घागरींत सोळा भाज्या, पुरण, सगळं रीतसर उभं केलं, आणि पाहुण्यांच्या भरल्या पंगतीत मामा म्हणाले, "बेश झालंय. पण..." पुढचा तालुका कोणता होता ते मला आता आठवत नाही. सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, एवढं आठवतं.

महालक्ष्म्यांनंतर लगेच अधिक महिना लागला, तीन वर्षांनी येणारा, आणि आमच्या लग्नानंतरचा पहिलाच. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडून, वर दिवा लावून, वाण देतात. पहिलं वाण चुकवायचं म्हणजे लेकीला सासरी मान खाली घालायला लावायचं. मामांनी मला निरोप धाडला आणि घरात तयारीची गोष्ट काढली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अवंदा मी करणार न्हाई. ज्यांचं चांगलं ऱ्हातंय त्यांच्याकडनं करून घ्या." शेजारणींना त्यांनी दुष्काळ सांगितला, पाण्याची ओढ सांगितली. ते खोटंही नव्हतं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, हे त्या वर्षी चैनीचंच काम होतं. पण सुधाला खरं कारण माहीत होतं. मलाही कळलं. कळलं नाही ते फक्त मामांना.

मामांना वाटलं, बायको पाण्याला भ्यायली. ते म्हणाले, मी करतो. ज्या माणसानं आयुष्यात चूल पेटवली नव्हती त्यानं अनारशांना हात घालावा, ही आमच्या बाजूची सगळ्यात मोठी धाडसाची गोष्ट असावी. अनारसा हा फार मानी पदार्थ. पिठात गोड जरा जास्त झालं, ओल जरा जास्त झाली, की तुपात पडल्या पडल्या तो विरघळून पसरतो. त्याला आमच्या बायका अनारसा हसला म्हणतात, आणि असं हसं झालेली बाई चार दिवस कुणाला तोंड दाखवत नाही. मामांनी आधी पाण्याची सोय केली. ज्या कंडक्टरांच्या गाड्यांनी इतकी वर्षं त्यांना गावोगावच्या कृती आणून दिल्या, त्यांनी आता फिरकीच्या झाकणाच्या तांब्यांतून पाणी आणलं. पहिल्या दिवशी तांदळात कंधारचं पाणी पडलं, दुसऱ्या दिवशी माहूरचं, तिसऱ्या दिवशी देगलूरचं. तीन तांबे पाणी आलं तर त्याची बातमी सगळ्या स्टँडभर झाली. प्रवासी येऊन विचारायचे, "साहेब, तांदूळ कुठवर आले?"

रविवारी मी आणि सुधा लातूरहून पोचलो, तेव्हा मामा धोतराचा काचा मारून चुलीपुढे बसले होते. वही शेजारी उघडी. पीठ आठवडाभर आधी मळून ठेवलेलं. सासूबाई दारात पाटावर बसून गहू निवडत होत्या. त्यांनी आमच्याकडे बघून हसून मान हलवली आणि पुन्हा सुपात बघितलं. पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. दुसरा हसला. मामांनी वहीत बघून जाळ कमी केला, तिसराही हसला. चौथा तर पडायच्या आधीच हसल्यासारखा वाटला. मी ओसरीवर बसून भूक आणि सहानुभूती दोन्ही आवरत होतो. अर्धं पीठ संपलं, कढईत काळपट गाळ झाला, दुपारचे तीन वाजून गेले. सुधानं हळूच विचारलं, "बाबा, पिठात घातलंय काय?"

तेव्हा उलगडा झाला. कंधारच्या एक मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, गूळ. देगलूरच्या बाईंचं म्हणणं साखर. उदगीरहून पिकलं केळ सांगितलं होतं आणि माहूरच्या म्हातारीनं चमचाभर दही. मामांनी सगळंच घातलं होतं. "इतक्या मायेनं सांगितलं त्यांनी," ते म्हणाले, "कुणाचं ऐकावं अन् कुणाचं मोडावं?" हे बोलताना त्यांच्या नाकाला पीठ लागलेलं होतं आणि डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. मी म्हणालो, मामा, वाण राहू द्या, दुष्काळ आहे, माझी आई समजून घेईल. लेकीकडे बघायचं टाळत ते झाऱ्यानं कढई खरवडत राहिले.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. उठून फडताळातून एक पितळी डबा काढला आणि मामांच्या पुढ्यात ठेवला. आत अनारशाचं पीठ होतं, गुळाच्या रंगाचं, मऊसूत. पाण्याची ओढ लागायच्या आधीच, आषाढात, त्यांनी ते जावयासाठी करून ठेवलं होतं. अनारशाचं पीठ महिनेच्या महिने राहतं. मामा डब्याकडे बघत राहिले.

"घरात पीठ हाय, हे सांगितलं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"तुमी इचारलं का?" सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "सगळ्या मुलखाला इचारून राहिलाव तीस वर्षं. मला एक दिवस तरी इचारलं का, तू कसं करतीस म्हणून?"

मामांनी कढई उतरवली, चुलीपुढची जागा सोडली आणि थोडं सरकून जमिनीवर बसले. मग म्हणाले, "चुकलंच माझं. आता सांगा, कसं करता तुम्ही." बायकोला त्यांनी 'तुम्ही' म्हटलेलं सुधानंही पहिल्यांदाच ऐकलं. सवयीनं त्यांचा हात वहीकडे गेला. सासूबाई म्हणाल्या, "लिहू नका. बसा अन् बघा."

मग त्यांनी नवं तूप चढवलं. खसखशीवर अनारसा थापायचा, खसखस वर ठेवूनच सोडायचा, उलटायचा नाही, वरून झाऱ्यानं तूप उडवत राहायचं. त्या करत होत्या आणि मधूनमधून एखादं वाक्य बोलत होत्या, आणि मामा दर वाक्याला "का बरं?" म्हणत होते. तीस वर्षांत इतकं बोलणं त्या दोघांत झालं नसावं. तेहतिसावा अनारसा झाला तेव्हा चार वाजले होते. ताट मांडलं, दिवा लावला, मी वाण घेतलं आणि पाया पडलो. पहिला घास घेतला तर मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्या 'पण'ची वाट बघितली. तो आला नाही. त्याऐवजी ते सासूबाईंकडे वळले आणि म्हणाले, "अन् तुम्हाला सोताला कंचं गोड आवडतंय?"

सासूबाई विचारात पडल्या. पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. "ठाऊक न्हाई," म्हणाल्या. "कुणी इचारलंच न्हाई कधी. सांगते याद करून."

पुढचा अधिक महिना येण्याआधीच त्या गेल्या. नंतर एकदा मी मामांना विचारलं, की त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं का. निवृत्त झाले तरी मामा रोज स्टँडवर जाऊन बसायचे आणि चार तालुक्यांचं गोड आल्यागेल्याला फुकट सांगायचे, तेव्हा हेही सांगतील असं मी धरून चाललो होतो. "दिलं की," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधी, एक दिवस आपणहून सांगितलं. मग मी हातानं करून घातलं त्यांना." मी विचारलं, काय होतं ते? मामा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "ते तेवढं न्हाई सांगत, पाव्हणं. ते आमच्या दोघांतलं हाय."