पत्त्याची चौकट

बँकांसाठी सॉफ्टवेअर करणारं आमचं गुलबर्ग्याचं ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी भालकीची, हैदराबादेत काही वर्षं जावा प्रोग्रामिंगचं काम करून, गावाजवळ राहावं म्हणून परत आले होते. माझ्या हाताखाली निंबर्ग्याची एक नवी मुलगी आली. माझा स्वभाव तापट, आणि हिच्या तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

तिचे वडील तूरडाळीच्या गिरणीत पोती उचलायचे. कंबर गेली होती तरी जायचे. आपण नोकरीत कायम झालो की त्यांना घरी बसवायचं, एवढा एकच विचार घेऊन ती रोज बसने यायची. आणि आमचे मालक मला म्हणत होते, "हिला जमत नाही, महिनाअखेरीला निरोप देऊ."

कारण होतं पत्त्याची चौकट. जिल्हा निवडला की तालुके, तालुका निवडला की गावं दाखवणारा हा कंपोनंट, म्हणजे स्क्रीनवरचा तयार तुकडा, तिने एकदा बनवायचा आणि आम्ही तो खात्याच्या, कर्जाच्या, सगळ्या पानांवर वापरायचा. तिच्या चाचणीच्या पानावर तो झकास चालायचा. माझ्या पानावर ठेवला की पान उघडायच्या आतच कोसळायचं.

शेवटी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, कोड वाचला आणि कपाळावर हात मारला. चौकट तयार होतानाच, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्येच, पानाला विचारत होती, 'तुझी शाखा कोणत्या जिल्ह्यातली?' तेव्हा ती कुठल्याच पानावर बसलेली नव्हती, मग उत्तर देणार कोण? चाचणीच्या पानापुरता जिल्हा मुलीने स्वतःच लिहून ठेवला होता, म्हणून तिथे चूक दिसली नव्हती.

ऑफिसात मी शुद्ध बोलायचे. त्या दिवशी मात्र घरचं तोंडात आलं. "आगं, वऱ्हाड अजून मांडवात हाय, अन् तुझी नवरी सासरच्या डब्यात मीठ हुडकायलीय!"

ती दचकली, मग खुदकन हसली. "अक्का, तुमी आमच्याकडच्याच व्हय?"

"व्हय. आता सांग, मीठ कवा इचारायचं?"

"घरात गेल्यावर."

आमच्या फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी वेगळी मेथड होती. कंपोनंट पानावर ठेवला की ती आपोआप, एकदाच चालायची. तिने सगळी विचारपूस तिथे हलवली आणि चौकट एकेका पानावर ठेवून पाहिली. एकही पान कोसळलं नाही. मला फार आनंद झाला आणि तितकाच मालकांचा रागही आला. आल्या दिवसापासून तिला कुणी धड काही दाखवलं नव्हतं, काम मात्र सगळे मागत होते. हे मी त्यांना कानडीत, चांगलं आवाज चढवून सांगितलं. ते चौकटीत आपलं गाव सापडतं का ते बघत बसले. महिनाअखेरीला तिला कायम केलं.

तिने जिन्यात जाऊन घरी फोन लावला. वडिलांचा आवाज इतका मोठा की दारातून मलाही ऐकू येत होता.

"अप्पा, उद्यापासून पोती उचलायची न्हाईत."

"सुगी तोंडावर आलीय. गिरणीला व्हय म्हणलोय की."

"कामून म्हणलाव? मला इचारायचं न्हाई?" कधी आवाज न चढवणारी ती मुलगी ओरडलीच.

मग ते म्हणाले, "मग मी दिसभर करू काय गं?"

"बसा की," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "नुसतं बसा, अप्पा."