नवव्या पायरीवर अडकलेला निरोप

घाडी बाई नसत्या, तर त्या मंगळवारी मीही इतरांसारखा ‘आपल्याकडे तर चालतंय’ म्हणून गप्प बसलो असतो.

परळच्या आमच्या ऑफिसात मी डॉक्युमेंटेशन लिहितो. म्हणजे डेव्हलपरसाठी सूचना: आधी कोणता प्रोग्राम टाका, मग कोणती कमांड द्या. आमचं टूलकिट ब्लॉकचेनवरची ॲप बनवायला लागतं. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेली नोंदवही. तिच्यात लिहिलेलं कुणा एकाला खोडता येत नाही. अशा दोन वह्या एकमेकींना ओळखत नाहीत. एकीतला निरोप दुसरीत कसा पोचवायचा, याचं दहा पायऱ्यांचं पान मी लिहिलं होतं.

गुरुवारी एका कंपनीची टीम येणार होती. आम्हाला काहीही न विचारता, फक्त ते पान वाचून ते निरोप पाठवणार. पोचला तर काम आमचं. आणि दोन अनोळखी डेव्हलपरांच्या मेल येऊन पडल्या होत्या: नवव्या पायरीवर अडकलोय.

ऋतुजा आमची सीनियर इंजिनियर. तिने माझ्यासमोर दहाही पायऱ्या केल्या. तीन सेकंदांत निरोप पलीकडे.

“बघ. त्यांचं नेट गंडलं असेल.”

“दोघांचंही?”

“तू लेखक ना रे? मग पोलीस कशाला होतोस?”

घाडी बाई आम्हाला वैभववाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. प्रयोगवहीतली कृती तपासताना त्या वही दुसऱ्याच मुलाच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, “लिहिलंय तेवढंच कर.” मी एकदा स्पिरिटचा दिवा पेटवायचंच लिहायला विसरलो. माझा मित्र न पेटवलेल्या दिव्यावर परीक्षानळी धरून तास संपेपर्यंत उभा राहिला. माझे वडील गवंडीकाम करायचे. कॉलेजचे फॉर्मसुद्धा माझे बाईंनीच तपासले. घरातला पहिला पदवीधर झालो तो असा.

मी एक कोरा लॅपटॉप मागून घेतला आणि रिसेप्शनवरच्या सुप्रियाताईंसमोर ठेवला. त्या लालबागच्या. कोडिंगशी संबंध नाही. कमांड कॉपी करायची, चिकटवायची, एंटर दाबायचं.

“बिघडला तर माझ्या नावावर घालायचं नाही हां.”

आठव्या पायरीला स्क्रीनवर ‘सक्सेस’ आलं. नवव्या पायरीला दुसऱ्या चेनवर निरोप दिसायला हवा होता. दिसेना. ऋतुजाही येऊन मागे उभी राहिली.

“झालं म्हणतोय ना हा? मग गेलं कुठे?” सुप्रियाताईंनी विचारलं.

“पहिल्या वहीत नोंद झाली, ताई. दुसरीत पोचायचंय.”

“मग नेतो कोण?”

“रिलेयर. एक प्रोग्राम असतो. इकडून उचलतो, तिकडे देतो.”

त्यांनी पान वरून खालपर्यंत पाहिलं. “तो नाहीच की यात.”

रिलेयर सुरू करायची पायरीच पानावर नव्हती. ऋतुजाने कपाळाला हात लावला. लॅपटॉप उघडताच रिलेयर आपोआप सुरू होईल, असं तिने कधीतरी लावून ठेवलं होतं. टीममधल्या सगळ्यांचे लॅपटॉप तिनेच लावलेले. माझासुद्धा. बाहेरच्या माणसाचं पत्र मात्र पेटीत पडत होतं आणि पोस्टमन कामावर आलेलाच नव्हता.

आमचे प्रॉडक्ट हेड शिरीष सर वैतागले. “अकरा पायऱ्या? वेबसाइटवर ‘फक्त दहा’ लिहिलंय.”

“वेबसाइट बदलू, सर.”

“आणि गुरुवारी नाही चाललं तर?”

“आज ताईंच्या हातून चाललं, तर गुरुवारीही चालेल.”

मी पायरी घातली: वेगळी विंडो उघडा, रिलेयर सुरू करा, ती विंडो बंद करू नका. ‘सक्सेस’खाली ओळ टाकली की याचा अर्थ फक्त पहिल्या चेनवर नोंद झाली. सुप्रियाताईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. स्वतःचा निरोप लिहा असं होतं, तिथे त्यांनी ‘जेवलात काय’ लिहिलं. ते शब्द पलीकडच्या चेनवर उमटले, तेव्हा ऋतुजाने त्यांना टाळी दिली. मला तर दोन मिनिटं खुर्चीत बसवेना.

गुरुवारी पाहुण्यांपैकी कोणी मान वर करून एकही प्रश्न विचारला नाही. आमच्या कामात याहून मोठी दाद नसते. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांचा निरोप पोचला, काम आम्हाला मिळालं. माझ्यापुरता धडा एवढाच: ज्याच्याकडे सगळं आधीच चालू आहे, त्याच्याकडून सूचना तपासून घेऊ नयेत.

पुढच्या आठवड्यात बाईंना पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय बाई,
सा. न.
तुमच्या पद्धतीने आमचं मोठं काम वाचलं. माझं ऑफिस बघायला तुम्ही यावं अशी इच्छा आहे. गाडीने दादरला उतरा, पूर्वेला बाहेर पडा आणि टॅक्सी करा. पहिल्या खर्ड्यात यापुढे मी फक्त बिल्डिंगचं नाव लिहिलं होतं. तो खर्डा आमच्या सुप्रियाताईंना देऊन म्हटलं, लिहिलंय तेवढंच करा. टॅक्सीवाला ‘पुढे असेल’ म्हणत उड्डाणपुलावर चढला आणि त्यांना थेट राणीच्या बागेपाशी घेऊन गेला. त्या लालबागच्या, रस्ता तोंडपाठ, तरी एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “तूच म्हणालास ना?” म्हणून एक पायरी वाढवली आहे. बसतानाच सांगा: पूल नको, खालून घ्या, भारतमाता थिएटरपाशी थांबा. तिथे मी उभा असेन.
आता पत्र तपासलेलं आहे. नक्की या.
तुमचा विद्यार्थी,
दिनेश