सशाचं तापमान

भूलशास्त्रात एम.डी. करायची तर प्रबंध लागतो आणि प्रबंधाला विषय लागतो. आमच्या विभागात विषय विद्यार्थ्यानं शोधायचा नसे, तो सरांना सुचायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, नवी मुंबईतल्या एका नव्याकोऱ्या खासगी मेडिकल कॉलेजात, सरांना सकाळचा चहा घेता घेता ससे सुचले.

"माणसांवर सगळेच करतात," विभागप्रमुखांच्या खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले. "तू ॲनिमल मॉडेल कर. इंटरनॅशनल लेव्हलचं काम होईल."

मी सानपाड्याला वडिलांच्या दोन खोल्यांत राहत होते आणि इंटरनॅशनल लेव्हल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी "हो सर" म्हणाले. त्या तीन वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य तेच असावं.

ससे न्यूझीलंडच्या जातीचे आहेत असं कागदावर लिहिलेलं होतं. ते आले मात्र टेम्पोतून, कोंबड्यांच्या पिंजऱ्यात बसून. बाजारात नवंच आलेलं गुंगीचं औषध त्यांच्या कानाच्या शिरेतून द्यायचं, दोन तास झोपवायचं, श्वास आणि नाडी मोजायची आणि जागे व्हायला किती वेळ लागतो ते लिहायचं, असा प्रयोग होता.

प्रयोगाची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला होती. कॉलेजला मान्यता देणारी तपासणी समिती येणार म्हणून तिथे दोन मोठे एसी बसवले होते. समिती आली, गार हवेत बसून जेवली आणि गेली. एसी सोळावरच राहिले, कारण सर टाय लावत आणि टाय लावणाऱ्या माणसाला घाम येणं त्यांच्या मते शोभत नसे.

सशांची देखभाल करायला दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली एक बाई होती. नवरा होडीवर जायचा. ही आधी बेलापूरला मासळी विकायची, मग ओळखीनं इथे चिकटली. सगळे तिला मावशी म्हणत. सर तिला "अहो, पिंजरा" म्हणत.

पहिला ससा झोपला तो उठलाच नाही. मी घाबरले. डोस पुन्हा मोजला, बरोबर होता. दुसरा ससा उठला, पण दोन पावलं टाकून आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत गेला. तिसराही गेला. सरांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते खूश झाले.

"हे औषध हृदयावर घाव घालतंय. कंपनीनं लपवलंय. आपण जगाला सांगणार."

त्याच आठवड्यात पुण्याच्या परिषदेसाठी त्यांनी निबंधाचा गोषवारा पाठवून दिला. तोवर पाच ससे मेले होते. सरांच्या मते पुरावा भक्कम होत चालला होता.

पाचवा ससा उचलायला मावशी आली. तिनं त्याचे कान बोटांत धरले, पोटाखाली हात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"डाक्टरीनबाय, औषदानी नाय मेला हा. थंडीनी मेलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बर्फातली मासली हाताला कलते ना. ह्यो जित्ता व्हता तवाच बर्फातला झालता. तुमी त्याचे पोटावरचे केस काडता, वल्या कापसाचा बोला फिरवता, नि त्या गार फलीवर निजवता. मानूस पन मरंल."

मला राग आला. चौथी पास बाई मला भूलशास्त्र शिकवत होती. राग आला तो मुख्यतः ती बरोबर असेल या भीतीनं. भूल दिलेलं शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही हे मी परीक्षेत दीड पान लिहून आले होते. लहान जिवाची ऊब लवकर जाते हेही लिहिलं होतं. सशाला थंडी वाजेल हे मात्र त्या दीड पानात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या वॉर्डातून थर्मामीटर आणला आणि सहाव्या सशाला दीड तासानं लावला. पारा पहिल्या रेघेपर्यंतही चढला नाही. थर्मामीटर पस्तीसपासून सुरू होणारा होता. खालचं तापमान मोजणारं परदेशी यंत्र विभागात होतं, पण ते सरांच्या काचेच्या कपाटात होतं, खोक्यातल्या प्लॅस्टिकसकट. वापरलं तर खराब होईल म्हणून. सर जेवायला गेल्यावर मी क्लार्ककडून किल्ली मागून घेतली. यंत्रानं तेहेतीस दाखवलं. निरोगी ससा एकोणचाळीसच्या आसपास असतो.

मावशीनं तोवर सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून आणलं होतं. बाटल्या फडक्यात गुंडाळून तिनं सशाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, वर घरून आणलेल्या गोधडीचा तुकडा टाकला आणि एसीच्या दोन्ही बटणांवर हात मारला. तासाभरात ससा उठून बसला. मिशा हलवायला लागला. त्यानंतर गोधडीत झोपवलेला एकही ससा मेला नाही.

मी हे सरांना सांगितलं.

"तू रिझल्ट बिघडवतेयस," ते म्हणाले. "निबंध स्वीकारला गेलाय. आणि ते यंत्र कोणी काढलं?"

परिषदेत सर छान बोलले. पाच सशांचा मृत्यू त्यांनी चार रंगांच्या आलेखात दाखवला. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून पांढऱ्या केसांच्या एक बाई उठल्या. सरकारी हॉस्पिटलात आयुष्यभर भूल देऊन निवृत्त झालेल्या, असं शेजारचा म्हणाला.

"तापमान किती होतं?" त्यांनी विचारलं.

"उत्तम होतं मॅडम. संपूर्ण एअरकंडिशन्ड लॅब आहे आमची."

"लॅबचं नाही. सशाचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभागृहानं माझ्याकडे पाहिलं. "हो सर" म्हणायची सोय नव्हती.

"ज्याचं मोजलं त्याचं तेहेतीस," मी म्हणाले. "आधीच्या पाचांचं मोजलंच नव्हतं."

बाई "थँक यू" म्हणून खाली बसल्या. कोणीतरी हसलं. पुढच्या वक्त्याला बोलावण्यात आलं.

परतताना गाडीत सर घाट उतरेपर्यंत टाय सैल करून खिडकीबाहेर बघत बसले. मी मनातल्या मनात माझी एम.डी. पुरून टाकली होती. पनवेल जवळ आल्यावर ते खाकरले.

"तापमानाचा मुद्दा मी मुद्दामच मागे ठेवला होता. त्यावर स्वतंत्र पेपर होतो."

आठवड्याभरात माझ्या प्रबंधाचं शीर्षक बदललं. भुलीखालच्या सशांना ऊब देण्याचं महत्त्व, असा काहीसा लांबलचक विषय झाला. पुढे पेपर छापून आला तेव्हा त्यावर पहिलं नाव सरांचं होतं. दुसरं नाव त्यांच्या एका मित्राचं होतं. तो मित्र ससा बघायलाही कधी आला नव्हता. तिसरं माझं.

प्रबंधाच्या आभारात मी मावशीचं नाव लिहिलं होतं. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "आभारात अशी नावं घालत नाहीत. परीक्षक काय म्हणतील?" माझी परीक्षा दीड महिन्यावर होती. मी ते पान पुन्हा टाईप करून घेतलं. डीन, अधीक्षक, ग्रंथपाल, आईवडील. सगळे बसले त्यात.

पास झाल्यावर काळ्या बांधणीची एक प्रत घेऊन मी पिंजऱ्यांकडे गेले. मावशी कोबीचा पाला तोडत होती. तिनं हात पदराला पुसले, प्रत घेतली आणि वजन केल्यासारखी हातावर तोलली.

"माजा नाव हाय काय यात?"

"नाही," मी म्हणाले नि लगेच जोडलं, "घातलं होतं. काढायला लावलं."

"नि तुमी काडला."

तिनं चारदोन पानं उलटली, आलेखांवरून बोट फिरवलं.

"ससं तरी हाईत काय?"

"आहेत. नंबर घालून."

"मंग ठीक हाय," म्हणत तिनं प्रत परत दिली आणि पाला टाकायला वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. एम.डी. मात्र मी परत केली नाही. ती आजही दवाखान्याच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे आणि पेशंट ती आदरानं वाचतात.