काचेच्या बशीतला ओरेस्ट

कॅनडातल्या कलिना गावी, बर्फावरून दगड घसरवायच्या कर्लिंग ह्या खेळाच्या क्लबात ओरेस्ट हाव्रिलुकने अर्धं आयुष्य बर्फ केला. बर्फ करायचा म्हणजे नुसतं पाणी ओतून गोठवायचं नव्हे. गोठलेल्या फरशीवर पाठीला पाण्याचं पिंप बांधून, हातात झारीच्या तोंडाची नळी धरून उलटं चालत जायचं आणि हात डावीउजवीकडे झुलवत थेंब उडवायचे. ते थेंब बर्फावर पुटकुळ्यांसारखे धरतात आणि त्या पुटकुळ्यांवरून खेळणाऱ्यांचा दगड घसरत जातो. हात जरा अडखळला की दगड कुठल्या कुठे भरकटतो. ओरेस्टचा हात कधी अडखळला नव्हता. आसपासच्या गावांतली माणसं त्याचा बर्फ बघायला म्हणून यायची.

आणि एका हिवाळ्यात उजव्या अंगाचे दगड वाकडे जायला लागले.

क्लबातले म्हातारे आधी यंत्राला बोलले, मग छपराला, शेवटी ओरेस्टला. "काय रे, घेऊन आलास व्हय सकाळी सकाळी?" म्हणून हसले. ओरेस्टने नळी बदलली, तोटी बदलली, पाणी गाळून बघितलं. हात बदलायचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याचा उजवा हात झुलायचा थांबला होता, अंगाशी चिकटून राहिला होता, आणि ते कुणालाच दिसलं नव्हतं. सॅस्काटूनच्या डॉक्टरने पार्किन्सन म्हणून नाव दिलं तेव्हा ओरेस्ट म्हणाला, "माझ्या बर्फाला तुमच्या आधी कळलं, डॉक्टर." पुढे ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. दंडाच्या आतल्या बाजूचा कातडीचा दाण्याएवढा तुकडा संशोधनासाठी काढून घेणाऱ्या नर्सलाही त्याने ती रंगवून सांगितली होती, आणि तिने ती हसत हसत लिहून घेतली होती.

त्याच नर्सने मग विचारलं होतं, तुमच्या जनुकांत काही सापडलं तर तुम्हाला कळवायचं का. शेजारी लारिसा बसली होती, त्याची एकुलती एक मुलगी, नुकतंच लग्न झालेली. बापाला ती तातो म्हणायची. तिने त्याच्याकडे न बघताच मान हलवली होती.

"नको, तातो. तुझं तुझ्यापाशी असू दे. माझ्यात असलं तर असलं, पण मला कुणी सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगणार," ओरेस्ट म्हणाला होता. "मला कळलं तरी तुझ्या कानावर येऊ देणार न्हाई. हा शब्द."

तो शब्द त्याने इतकी वर्षं सहज पाळला, कारण पाळायला त्याला काही कळलेलंच नव्हतं.

विनिपेगमधल्या एका हॉटेलच्या खोलीत फेलोशिपच्या निवड समितीची बैठक होती, त्या दिवसापर्यंत.

फेलोशिप देणारी संस्था लहान होती. गावोगाव चालण्याच्या फेऱ्या काढून आणि चर्चच्या तळघरात पॅनकेकच्या न्याहाऱ्या घालून पैसे जमवायची आणि दर साली एका तरुण शास्त्रज्ञाला द्यायची. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राबणं संपवून त्याने पार्किन्सनवर स्वतःचा संशोधनगट उभा करावा, स्वतःच्या नावाची पाटी लावावी, म्हणून. निवड करायला शास्त्रज्ञ असायचेच, पण दोन खुर्च्या आजारी माणसांच्या. त्यांचं मत शास्त्रज्ञांच्या मताएवढंच. एका खुर्चीत ओरेस्ट आणि दुसरीत विल्मा थीसेन, स्टाइनबाखकडची शेतकरीण, जिची मान सारखी हलायची आणि जीभ त्याहून जास्त.

समितीचा एक नियम होता. उमेदवार आपल्या ओळखीचा असेल, नात्याचा असेल, आपल्या हाताखाली शिकलेला असेल, तर चर्चेआधी उठून बाहेर जायचं. सकाळपासून शास्त्रज्ञ चर्चमधल्यासारखे उठत होते, बसत होते. ह्याचा तो विद्यार्थी, त्याची ही जुनी सहकारी.

"ह्यांच्यात आमच्या गावापेक्षा जास्त सोयरीक दिसतीय," विल्मा कुजबुजली. "आपल्या दोघांलाच कुणी इचारत न्हाई बघ."

"आपल्याला कोण वळखतंय," ओरेस्ट म्हणाला.

दुपारी शेवटची उमेदवार, नोएमी बेलिवो, आत आली. क्युबेककडची, बारीक चणीची, बोलताना दोन्ही हात हवेत. पदवी घेतल्यावर किती वर्षांत अर्ज करता येतो त्याची मर्यादा असते, आणि तिची ह्या साली संपत होती. आता मिळालं नाही तर स्वतःची प्रयोगशाळा हा विषयच संपला. अर्जातलं साध्या भाषेतलं पान ओरेस्टने घरी लारिसाकडून वाचून घेतलं होतं. त्यात पेशींबद्दल होतं, त्या कुणाच्या ते नव्हतं. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं की मत हिलाच द्यायचं.

नोएमीने पडद्यावर चित्र लावलं. काळ्याभोर अंधारात हिरवे लखलखते धागे, एकमेकांना शोधत गेलेले.

"समितीत आजार सोसणारी माणसं आहेत, म्हणून मी आकड्यांनी सुरुवात करणार नाही," ती ओरेस्ट आणि विल्माकडे बघून म्हणाली. "माझ्या सगळ्यात जुन्या सोबत्याची ओळख करून देते. ह्या त्याच्या मेंदूच्या पेशी. म्हणजे कातडीच्या तुकड्यापासून आम्ही बशीत वाढवलेल्या. त्याचं नाव मला माहीत नाही, माहीत असूही नये. पण नमुन्याबरोबर एका नर्सने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. हा माणूस एका खेड्यात कर्लिंगचा बर्फ करायचा. आणि त्याचा आजार सगळ्यात आधी डॉक्टरला नाही, बर्फाला कळला. एका बाजूचे दगड वाकडे जायला लागले."

विल्मा खुदकन हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं आणि तिने हळूच मान वळवली.

ओरेस्टचा चेहरा होता तसाच होता. आजाराने तो केव्हाच लाकडासारखा करून टाकला होता. नातेवाईक म्हणायचे, फोटोत तरी हस. आज त्या चेहऱ्यामागे काय कोसळलं ते कुणालाच दिसलं नाही. त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला उघडं करून भिंतीवर टांगलंय आणि माणसं वह्या काढून बसलीत. ते हिरवे धागे त्याचे होते. इथे तो खुर्चीत बसला होता आणि तिथे पडद्यावरही तोच होता, बिनचेहऱ्याचा, जिवंत.

"आणि हा माणूस इतका मोलाचा का," नोएमी पुढे म्हणाली, "तर ह्याचा आजार एका जनुकातून आलाय. ह्याच्या प्रत्येक मुलात ते जनुक असण्याची शक्यता निम्मी. पण जनुक असलेले सगळेच आजारी पडत नाहीत. काहींना काय वाचवतं, ते माझा गट शोधेल."

पुढचं ओरेस्टला ऐकू आलं नाही. प्रश्न झाले, उत्तरं झाली. त्याच्या हाताखालच्या बशीत कॉफीचा चमचा किणकिण वाजत राहिला. विल्माने हात लांब करून तो चमचा उचलला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

नोएमी आभार मानून बाहेर गेली. अध्यक्ष डॉक्टर मॅकीव्हर, पांढऱ्या केसांच्या कडक बाई, त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "हिच्या बाबतीत कुणाला बाहेर जायचंय?"

कुणी हललं नाही.

ओरेस्टला बोलायचं नव्हतं. बोललं की ते टिपणात जाणार, टिपण मेलवर येणार, आणि त्याची बोटं चालत नाहीत म्हणून त्याचे मेल लारिसा उघडते. ती ह्याच दाराबाहेर बसली होती, तीच त्याला गाडीने घेऊन आली होती. गप्प बसलं तर शब्द राहतो, आणि त्या पोरीला एक मतही मिळतं. पण त्याने स्वतःच्या भावाच्या सामन्यालासुद्धा बर्फ कधी झुकता केला नव्हता. आज इथे तो स्वतःच दगड होता, आणि बर्फही त्यानेच करायचा.

तो उठला. पाय फरशीला चिकटले. विल्माने टेबलाखालून त्याच्या टाचेला बुटाने ढोसलं तेव्हा पहिलं पाऊल सुटलं.

"मला जायचंय बाहेर."

"थांबूया आपण. स्वच्छतागृह डावीकडे आहे," डॉक्टर मॅकीव्हर म्हणाल्या.

"तसलं न्हाई. हिच्यापायी जायचंय."

"तुम्ही ओळखता तिला?"

"मी न्हाई वळखत. तीच मला वळखते." तो थांबला. "बशीतला माणूस मी हाय."

एरवी कुणी तोंड उघडायच्या आधीच बोलून मोकळे होणारे टोरांटोचे प्राध्यापक तोंड अर्धं उघडं टाकून बसले. डॉक्टर मॅकीव्हरनी चष्मा काढला, पुसला आणि घालायला विसरल्या.

"नक्की?"

"बर्फ तर माझाच हाय. दंडावर वणबी हाय, बघायचा असंल तर."

"मिस्टर हाव्रिलुक, नमुना देणारा माणूस ओळखू येईल असं काहीही बोलायची परवानगी तिला नव्हती. तुम्ही तक्रार केलीत तर हा अर्ज इथेच थांबतो." मग त्यांचा आवाज उतरला. "जनुकाचं तुम्हाला माहीत होतं?"

"आता कळलं. तुमच्याबरोबरच."

"अगं आई," विल्मा म्हणाली.

"माझी मुलगी बाहेर बसलीय," ओरेस्ट म्हणाला. "तिला ह्यातलं काही कळायचं न्हाई. मी शब्द दिलाय. कागदावर नको, मेलवर नको, कुठंच नको. तक्रारीचं मी इचार करून सांगतो. पण हे दाराभायेर जाणार न्हाई, एवढं बघा."

"नाही जाणार," डॉक्टर मॅकीव्हर म्हणाल्या.

त्याने दार उघडलं.

उमेदवारांशी बोलायची मनाई समितीला होती, समितीतल्यांच्या मुलींना नव्हती. कॉफीच्या भांड्यापाशी लारिसा आणि नोएमी उभ्या होत्या. मुलाखतीचा ताण उतरलेली नोएमी हात उडवत बोलत होती. लारिसाने विचारलं असणार, आत काय सांगितलंस गं एवढं. एवढंच विचारलं असणार.

"… म्हणजे बघ ना, दगड वाकडे जायला लागले आणि त्याला वाटतंय नळीच बिघडली. मला इतका आवडतो तो. त्याचं जनुक मुलांत जाण्याची शक्यता निम्मी असते, त्यामुळे—"

लारिसाच्या हातातला कागदी कप चेपला. कॉफी तिच्या बोटांवरून, बाहीवरून, बुटावर गेली. तिने हात झटकलासुद्धा नाही. लाकडाचा चेहरा बापाचा होता, तिचा नव्हता. तिच्या चेहऱ्यावर सगळं एकाच वेळी आलं, आणि ते बघून नोएमी बोलायची थांबली.

"भाजलं का? थांब, मी रुमाल—"

"तुझ्या त्या माणसाला एक मुलगी हाय," लारिसा म्हणाली. "म्हाइताय का तुला?"

"नाही. असलं काही आम्हाला सांगत नाहीत." नोएमीने तिच्याकडे बघितलं. मग दारात अडकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, त्याच्या अंगाशी चिकटलेल्या उजव्या हाताकडे. तिचे हवेतले हात खाली आले. "नाही," ती परत म्हणाली, ह्या वेळी वेगळ्या आवाजात.

ती भिंतीला टेकली. "मला वाटलं, तुम्हा लोकांना माणूस दाखवावा. नुसती चित्रं बघून तुम्हाला परकं वाटेल म्हणून. एवढंच मनात होतं." तिचे ओठ पांढरे झाले होते. "मी आत जाते आणि अर्ज मागे घेते."

"थांब जरा," लारिसा म्हणाली. "अर्ज मागं घेतलास तर ह्याचं काय करतील? बशीतल्याचं?"

"गोठवून ठेवतील. काम करायला कुणी नसेल."

"म्हंजे तिथंबी बर्फातच." लारिसा हसल्यासारखी झाली, पण ते हसू नव्हतं. "तातो, तू भायेर कशाला आलास?"

"नियम हाय."

"आणि तक्रार करणारेस?"

आत ओरेस्ट म्हणाला होता, विचार करून सांगतो. पण ज्या गुपितासाठी विचार करायचा होता ते कॉफीबरोबर फरशीवर सांडून गेलं होतं. आता विचार करायचा हक्क त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता.

"तू सांग," तो म्हणाला.

लारिसाने ओली बाही पिळली. बराच वेळ पिळत राहिली, आता तिच्यातून काही निघत नव्हतं तरी. मग नोएमीकडे वळली.

"तक्रार न्हाई. पण आत जाऊन तू काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांगायचं. आत एकदा केलंस आणि इथं दुसऱ्यांदा केलंस, तेबी सांगायचं. रडायचं न्हाई, नुसतं सांगायचं. मग ते देवोत न्हाईतर न देवोत. आणि पुन्हा कुणाला अशी माणसाची गोष्ट ऐकवशील, तर आधी इचार करशील ना गं?"

"करीन," नोएमी म्हणाली.

ती आत गेली. दार लागलं. बापलेक भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसले. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा डॉक्टर मॅकीव्हरचा आवाज चढला.

"मला सांगणार होतास?" लारिसाने विचारलं.

"न्हाई. मेलो असतो तरी न्हाई."

"ठाऊक हाय."

दार उघडलं तेव्हा आधी नोएमी बाहेर आली. दोघांना मान लवून तशीच जिन्याकडे गेली, थांबली नाही. पाठोपाठ पर्स सावरत विल्मा आली. ती बोलणार नाही असं कधी झालंच नव्हतं.

"दिली," ती ओरेस्टच्या कानाशी म्हणाली. "पण आधी तिच्या इस्पितळाला सगळं कळवायचं, आणि त्यांनी ठीक म्हटलं तरच पैसे. मॅकीव्हरबाईंनी असं सोलून काढलंय तिला, सांगू नकोस कुणाला. आता सगळ्यांच्या सह्या तेवढ्या राहिल्यात. चल आत."

ओरेस्ट उठायला लागला. लारिसाने त्याचं कोपर धरलं, मदतीला नव्हे, थांबवायला.

"आत ते सगळे डॉक्टरच ना?"

"बहुतेक सगळे."

"मग त्यांच्यातल्या कुणालातरी इचार, तपासणी कुठं करत्यात. माझी."

"तुला नको होतं, लारिसा."

"नको होतं. आता निम्मं घरात आलंय, तर उरलेलं भायेर किती दिवस ठेवू?" तिने त्याचं कोपर सोडलं. "जा. पाय अडला तर सांग, मी ढकलते."

पाय अडलाच. तिने मागून ढकललं आणि तो आत गेला.