हे कुठल्या थ्रेडचं?

मॅडम आधी स्वतःचा चष्मा काढून आमच्या कीबोर्डवर ठेवायच्या. म्हणजे आपलं टायपिंग बंद. मग शांतपणे विचारायच्या, "हे कुठल्या थ्रेडचं?"

नव्वदच्या दशकाचा शेवट. अंबडच्या एका छोट्या कंपनीत आम्ही मॅडमच्या हाताखाली कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामं शेजारी शेजारी चालत; प्रत्येकाचा थ्रेड वेगळा. एक मशीनकडून माहिती घेई, दुसरा ती स्क्रीनवर दाखवी. स्क्रीनच्या वस्तूंना, म्हणजे तिच्यावरच्या अक्षरांना, आकड्यांना, स्क्रीनच्याच थ्रेडने हात लावायचा, हा नियम आम्हाला तोंडपाठ होता. त्यामुळे तो पाळायची गरज कुणाला वाटत नसे.

मॅडमनी अशा वस्तूंभोवती गुंडाळायला कोडचं एक वेष्टन लिहिलं. वस्तू खुशाल कुठल्याही थ्रेडकडे सोपवा. उघडायची आणि मोडायची मात्र ती बनवणाऱ्या मूळ थ्रेडनेच. कोण उघडतंय ते वेष्टन तपासे; दुसऱ्याने उघडली, की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबे.

साहेबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, हे फार अपमानास्पद वाटलं. आपला माल आपणहून बंद पडतो, हे गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने सांगायचं? सिन्नरच्या एका कारखान्यातल्या डेमोआधी त्यांनी ती तपासणी काढायला लावली.

मॅडम म्हणाल्या, "थांबला तर निदान कळतं तरी. न थांबता खोटं दाखवलं तर?"

साहेबांनी त्यांना सकारात्मक विचार करायला सांगितलं.

डेमोत प्रोग्रॅम थांबला नाही. साहेबांचं भाषणही नाही. मशीनच्या थ्रेडने स्क्रीनच्या वस्तूत हात घातला, स्क्रीन गोठली आणि तिच्यावर हिरव्या अक्षरांत 'प्रेस बंद' तसंच राहिलं. प्रेस, पत्रा दाबणारं ते मशीन, चालू होती. आजूबाजूच्या मशीनच्या आवाजात ऑपरेटरला ते कळलं नाही. स्क्रीनवर विश्वास ठेवून त्याने आत हात घातला.

प्रेस थांबवायचं लाल बटण मॅडमनी दाबलं. वरचा ठोकळा त्याच्या बोटांच्या वर वीतभर थांबला.

परतीच्या जीपमध्ये मॅडमना पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना. मी फिरवून दिलं.

तपासणी परत आली. माहितीपत्रकात ती साहेबांच्या दूरदृष्टीतून आली होती. मॅडम नोकरी सोडून गेल्या. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही. निरोपाच्या वेळी साहेब त्यांच्या खेळकर स्वभावाबद्दल बोलले.

दिवाळीनंतर तो ऑपरेटर बायकोला घेऊन ऑफिसात आला. मेथीच्या जुड्यांनी भरलेली पिशवी त्याने टेबलावर ठेवली. साहेब लगबगीने पुढे झाले, अहो, हे कशाला एवढं, म्हणाले.

"मॅडम हायेत का?" त्याने विचारलं.

त्या सोडून गेल्याचं मी सांगितलं.

मग पिशवीच्या बंदांभोवती पाचही बोटं घट्ट आवळून त्याने ती उचलली, आणि दोघं सिन्नरची गाडी पकडायला निघाली.